सुरांच्या शंका : बॉस मोठा, हात दोनच

चतुर्थी जवळ आली की या सदराकडे आरत्यांच्या पट्ट्या विचारणारी पत्रं येतात. यंदा त्यांच्याबरोबर व्हिडिओ गेमच्या संगीताबद्दलची चार पत्रं आली आणि चारही चांगली आहेत. आरत्या पुढच्या अंकात.

टीचर, मी बारावीत आहे. पियानोची पाचवी ग्रेड झाली. ‘फायनल फँटसी ७’ या गेममधल्या शेवटच्या बॉसचं, म्हणजे शेवटच्या मोठ्या शत्रूचं, संगीत ‘वन-विंग्ड एंजल’ मला एकट्याने पियानोवर वाजवायचं आहे. मिडी फाइल (स्वरांची नोंद असलेली) उतरवली, म्यूझस्कोर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि सगळ्या वाद्यांचे ट्रॅक दोन ओळींत कोंबले. आता काही ठिकाणी दहा-अकरा स्वर एकदम येतात आणि डाव्या हाताला दोन सप्तकांचं अंतर पडतं. कोणते स्वर काढायचे ते कसं ठरवू? (एक विद्यार्थी, डिचोली)

ती फाइल बंद कर. खरंच. अकरातले सात स्वर वगळलेस तर उरलेले चार कोणाचेच नसतात. थोडं व्हायोलिन, अर्धा ट्रंपेट, कोरसचा एखादा स्वर. कोरं पान घे आणि त्यावर फक्त चाल लिही. आधी गा, मग लिही. जे गाता येत नाही ते तुला अजून नीट ऐकूच आलेलं नाही. मग खालच्या ओळीवर फक्त बेस. हे दोनच आवाज वाजवून रेकॉर्ड कर आणि तो गेम खेळलेल्या मित्राला नाव न सांगता पाठव. त्याने ओळखलं तर पाया बसला. नाही ओळखलं, तर मधे कितीही कॉर्ड भर, उपयोग नाही. तुझ्या तुकड्याच्या सुरुवातीला चाल अशी नाहीच, खालच्या पट्टीतले तुटक ठोके आहेत. तिथे ओळख त्या ठोक्यांची, म्हणून तेच लिही.

पण माझं ऐकशील तर हा बॉस शेवटी मार. हे संगीत १९९७ चं. तो गेम ज्या यंत्रावर चालायचा त्या प्लेस्टेशनची साउंड चिप एका वेळी २४ आवाज काढू शकत होती आणि या तुकड्यात वर लॅटिन शब्दांचा कोरसही आहे. त्याआधी १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ घे. कोजी कोंदोंनी ते संगीत ज्या चिपसाठी लिहिलं तिला पाचच वाटा होत्या : दोन स्क्वेअर वेव्ह, एक ट्रँगल (ही ध्वनिलहरींच्या आकारावरून पडलेली नावं), एक नॉइज म्हणजे नुसती खरखर, आणि एक रेकॉर्ड केलेल्या छोट्या तुकड्यांसाठी. दोन स्क्वेअरवर चाल आणि तिची जोडीदारीण, ट्रँगलवर बेस, नॉइजवर ड्रम. म्हणजे गाणारे आवाज तीनच. बाखच्या तीन आवाजांच्या सिन्फोनिया ग्रेडच्या वाटेवर कधी ना कधी भेटतातच, कसब तेच. सगळ्यांच्या ओळखीची ती पहिली चाल घे. पियानोच्या दो-रे-मि च्या भाषेत, पहिल्याच ठोक्याला वर मि, त्याच्या खाली फा शार्प आणि बेसला रे. चाल दो मेजरची आणि दार उघडलं ते रे वर! शिकाऊ मुलं तिथे डोळे मिटून दो-मि-सोल दाबतात आणि मग विचारतात, टीचर, हे बालगीतासारखं का वाजतं?

स्वर कानाने उतरवणार असशील तर कोणीतरी खेळतानाचा व्हिडिओ लावू नकोस. उडी मारली, नाणं घेतलं की तो आवाज काढायला ती चिप चालीतलीच एखादी वाट तेवढ्यापुरती उसनी घेते आणि त्या क्षणी संगीतातला एक आवाज गायब होतो. नुसतं संगीत असलेलं रेकॉर्डिंग शोध.

आता पियानो कुठे अडतो ते सांगते. चिपचा स्वर सांगाल तितका वेळ त्याच जोराने उभा राहतो. पियानोचा स्वर घंटेसारखा, ठोका पडला की विरायलाच लागतो. चार मात्रांचा लांब स्वर कागदावर तसाच उतरवलास तर तिसऱ्या मात्रेला तिथे भोक पडतं. उपाय बरेच आहेत. तो स्वर मधे पुन्हा वाजवायचा, किंवा वरच्या सप्तकात त्याला जोड द्यायची, किंवा (मला सर्वांत आवडतं ते) त्या वेळात मधल्या आवाजाला हलतं ठेवायचं, म्हणजे कान तिकडे जातो आणि वरचा स्वर अजून आहे असंच वाटत राहतं. ट्रेमोलो, म्हणजे स्वर भराभर थरथरता वाजवत राहणं, शेवटचा उपाय. पानभर ट्रेमोलो ऐकला की मला मूकपटाची आठवण येते.

ट्रँगलची गंमत अशी की त्याचा आवाज लहान-मोठा करता येत नाही, चालू किंवा बंद एवढंच. त्यामुळे मूळ रेकॉर्डिंगमध्ये बेस सारख्याच जोराने चालतो. पियानोवर तसाच वाजवलास तर डावा हात चाल गिळून टाकेल. बेसचा पहिला ठोका स्पष्ट ठेव, बाकीचे त्याच्या सावलीत. ड्रम तर लिहूच नकोस. नॉइजचा ठोका जिथे वजन टाकतो तिथे उजव्या हाताच्या कॉर्डला थोडा जास्त जोर दे, पुरे.

डाव्या हाताला दोन सप्तकांचं अंतर पडतं म्हणतोस. बेस वाजव, पेडल धर, हात उचलून वर जा. पेडल बेस बदलेल तिथेच बदल, दर मात्रेला नाही. मधला आवाज डाव्याला जमत नसेल तर उजव्या अंगठ्याला दे आणि चाल करंगळीकडे ठेव. करंगळी दुबळी असते, म्हणून तीच आधी एकटीने घोट. आणि मधल्या दो च्या सप्तकभर खाली गेलास की तीन स्वरांची कॉर्ड जवळजवळ दाबू नकोस, गढूळ वाजते. तिथे सप्तक किंवा पाचवा स्वर एवढंच ठेव, दाटी वर कर.

काही जुन्या चिपसंगीतात स्वर भिरभिरताना ऐकू येतात, ते आणखी वेगळं प्रकरण. कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकाला तीनच आवाज, मग कॉर्ड कुठून आणायची? तिचे स्वर इतक्या वेगाने एकामागून एक फिरवायचे की कानाला ती एकच वाटावी. तिथे भिरभिर उतरवत बसू नकोस. तो संगीतकार नाइलाजाने तसं करत होता. तुझ्याकडे दहा बोटं आहेत, सरळ कॉर्ड दाब.

माझे बाबा फोंड्याच्या आसपासच्या गावांत जत्रेच्या नाटकांना ऑर्गन वाजवत. व्हायोलिनवाला आला नाही तर नांदीपासून सगळा भार त्या दोन हातांवर. ते म्हणायचे, नटाला सा मिळाला आणि तबल्याला सम दिसली की झालं, बाकी ऑर्गनवाल्याची हौस. कोणता स्वर राहू दे आणि कोणता जाऊ दे, याचं यापेक्षा चांगलं माप मला अजून सापडलेलं नाही. आणि आपल्या गोव्याने तर याच्या उलट्या दिशेचं काम करणारी माणसं दिली आहेत. मुंबईच्या सिनेमात सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे अरेंजर. संगीतकार पेटीवर एकेरी चाल म्हणून दाखवायचा आणि ही मंडळी ती अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठी लिहून काढायची. त्या काळचं एखादं गाणं लाव आणि व्हायोलिन चालीला कुठे उत्तर देतात, कुठे गप्प बसतात ते ऐक. तू जे गाळणार आहेस ते कुठून आणि कशासाठी आलं होतं हे तिथे समजेल.

कोरसने घाबरू नकोस. फ्रांत्स लिस्ट या पियानोवादक-संगीतकाराने बेथोव्हेनच्या नऊही सिंफनी एकट्या पियानोसाठी लिहिल्या, पण नवव्याच्या शेवटच्या भागापाशी, कोरस येतो तिथे, त्यानेही हात टेकले होते. प्रकाशकाला कळवलं की हे होणार नाही. मग केलंच. त्याच्या पानांवर स्वरांपाशी वाद्यांची नावं लिहिलेली दिसतात, हा फ्लूट, हा हॉर्न. तूही पेन्सिलीने तसं लिही. नाव लिहिलं की बोटाचा स्पर्श आपोआप बदलतो.

शेवट कसा करायचा हे तू विचारलेलं नाहीस, आणि खरी परीक्षा तिथेच आहे. गेममधला बहुतेक तुकडा संपण्यासाठी लिहिलेलाच नसतो. खेळणारा जिंकेपर्यंत किंवा मरेपर्यंत तो पहिल्यापासून पुन्हा सुरू होतो. खेळणाऱ्याला ते चालतं, त्याचं लक्ष पडद्यावर. तुझ्यासमोर बसलेल्या आत्याचं लक्ष तुझ्यावरच असणार आणि तिसऱ्या फेरीला ती मोबाइल काढेल. दोन फेऱ्या बस. दुसरी पहिलीसारखी नको : चाल डाव्या हातात ने, किंवा बेस काढून टाकून वरच्या सप्तकात पातळ वाजव आणि मग सगळं एकदम परत आण. शेवटी हळूहळू मंद होत जाणं ही आळशी पळवाट आहे, सगळे तेच करतात. लय तशीच ठेवून एकेक आवाज कमी करत जा, किंवा सुरुवातीच्या ठोक्यांवर येऊन धाडकन थांब. बॉसला दुसरं शोभेल.

या तुकड्याची पियानो आवृत्ती शिरो हामागुचींनी केलेली आहे, ‘पियानो कलेक्शन्स’ मालिकेत, २००३ ची. तुझी पूर्ण झाल्यावर ऐक. आधी ऐकलीस तर तीच लिहिशील.

आमचा मुलगा आठवीत आहे. परीक्षेचे तुकडे सोडून दिवसभर गेमची गाणी वाजवतो. बंद करू का? (एक आई, मडगाव)

बंद नका करू, ताई. फक्त कसं शिकतो ते बघा. पडद्यावर रंगीत पट्ट्या वरून खाली पडतात आणि मुलं त्या पट्टीखालची कळ दाबतात, तसे व्हिडिओ असतील तर ते मात्र थांबवा. त्यात बोटं पाठ होतात, वाचन शून्य आणि कान झोपलेला. त्याऐवजी नियम करा : गेमचं जे गाणं वाजवायचं त्याचे पहिले आठ बार, म्हणजे स्वरलिपीत उभ्या रेघांमधले आठ खंड, त्याने ऐकून, वहीत, हाताने लिहायचे. परीक्षेत कानाची चाचणी असते, तिची तयारी यातून फुकटात होते. स्केल मात्र रोज. त्यावर तुमच्या घरात चर्चा नको.

मी भजनात पेटी वाजवतो. नातीने ‘टेट्रिस’ची चाल ऐकवली, मनात बसली. पेटीवर निघेल का? (एक आजोबा, केरी-सत्तरी)

निघेल, आजोबा, आणि झोकात निघेल. ती चाल गेमवाल्यांची नव्हेच. ‘कोरोबेयनिकी’ हे जुनं रशियन लोकगीत, गावोगाव फिरून माल विकणाऱ्यांचं. त्याचे शब्द निकोलाय नेक्रासोव्हच्या १८६१ च्या कवितेतले. १९८९ साली गेमबॉयवरच्या ‘टेट्रिस’साठी हिरोकाझू तानाकांनी ती चिपवर बसवली.

पांढरी सहाचा सा धरा. ग, ध, नि कोमल. सुरुवात अशी : प, रे ग म, ग रे, सा सा ग प, म ग रे. पुढे लांब स्वरांचा दुसरा भाग येतो, तिथे एका जागी नि शुद्ध लागतो, कीरवाणीची सावली पडल्यासारखा. तो चुकवू नका, सगळी मजा त्यात आहे. पियानोवर हा भाग अवघड जातो कारण लांब स्वर विरतात. तुमच्या पेटीवर भाता आहे, स्वर हवा तेवढा उभा राहील. डावा हात भात्यावर अडकलेला, त्यामुळे बेसचा नाद सोडा. खर्जाचा एखादा स्वर ओढून ठेवा आणि ठेका तबल्यावर सोपवा. केरवा चालेल. लय थोडी थोडी चढवत न्या, गेममध्येही वीट वेगाने पडू लागली की हात धावतात. नातीला झांज द्या.

घरी पियानो नाही, ६१ कळांचा कीबोर्ड आहे. त्यावर अशी अरेंजमेंट करता येईल का? आणि केलेली शीट (लिहिलेली स्वरलिपी) विकता येईल का? (एक वाचक, वास्को)

दुसरं आधी. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘अडॅप्टेशन’ची व्याख्या आहे आणि संगीतकृतीची अरेंजमेंट किंवा ट्रान्स्क्रिप्शन त्यात स्पष्ट शब्दांत येते. तो हक्क मूळ मालकाचा. आपल्याकडे संगीतकृतीचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, त्यामुळे गेमच्या संगीतापाशी एवढ्यात कोणी पोचत नाही. शिकायला, सरावाला घरी वाजवा. विकायचं असेल तर परवानगी हवी. शीट विकणाऱ्या काही संकेतस्थळांचे प्रकाशकांशी करार असतात, त्या वाटेने जा आणि आपला तुकडा यादीत आहे का ते आधी तपासा. ‘टेट्रिस’चं लोकगीत मोकळं आहे, पण तानाकांची मांडणी मोकळी नाही. लोकगीतावरून स्वतःची करा.

आता कीबोर्ड. पियानोच्या ८८ कळांतल्या डावीकडच्या १५ आणि उजवीकडच्या १२ तुमच्याकडे नाहीत. उजवीकडच्या फारशा लागत नाहीत. डावीकडच्या लागतात, म्हणून बेस एक सप्तक वर घ्या आणि मधला आवाज पातळ करा, नाहीतर दोघे एकमेकांच्या अंगावर येतात. त्याहून महत्त्वाचं, कळ हळू-जोरात दाबल्यावर आवाज बदलतो का ते बघा. बदलत नसेल तर चाल दाबून वर काढता येणार नाही, तिला बाकीच्यांपासून दूर, वेगळ्या सप्तकात ठेवावी लागेल. आणि सस्टेन पेडल विकत घ्या, पण कीबोर्डच्या मागे त्याची पिन बसायची जागा आहे का ते पाहून. जुन्या काही मॉडेलना ती नसते.