ठराव, पाणी आणि ओढा : गावाशेजारच्या गृहप्रकल्पाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गावची लोकसंख्या सुमारे ३,००० आहे. गावाच्या शिवेला लागून २,००० सदनिकांची वसाहत होणार असल्याचे फलक लागले आहेत. ग्रामसभेने विरोधाचा ठराव एकमताने मंजूर केला. परंतु अशा ठरावाने बांधकाम परवानगी थांबत नाही, असे आम्हाला तालुक्याच्या ठिकाणी सांगण्यात आले. हे खरे आहे का? खरे असेल, तर आम्ही विरोध करायचा कसा? (पुणे जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : आपल्याला जे सांगण्यात आले ते बहुतांशी खरे आहे. बांधकामाची परवानगी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये नियोजन प्राधिकरण किंवा, जिथे असे प्राधिकरण नाही तिथे, जिल्हाधिकारी देतात. अनुसूचित (म्हणजे आदिवासीबहुल म्हणून घोषित) क्षेत्रातील ग्रामसभांना १९९६ च्या पेसा कायद्याने, म्हणजे अशा क्षेत्रांतील पंचायतींसाठीच्या कायद्याने, काही विशेष अधिकार दिलेले आहेत. इतरत्र ग्रामसभेला असा प्रकल्प नाकारण्याचा अधिकार नाही. तरीही आपला ठराव वाया गेला असे मी म्हणणार नाही. ‘ग्रामसभेचा या प्रकल्पास तीव्र विरोध आहे’ एवढेच त्यात लिहिले असेल, तर मात्र तो फाइलमध्ये पडून राहील. गावाला पिण्याचे पाणी कोणत्या विहिरीतून मिळते, ती विहीर प्रकल्पाच्या जागेपासून किती अंतरावर आहे, उन्हाळ्यात ती किती दिवस पुरते आणि गावाला टँकर कधीपासून लागतात, हे त्यात नोंदवलेले असेल तर तोच ठराव पुढे प्रत्येक पायरीवर पुरावा म्हणून उभा राहतो. म्हणून पुन्हा ग्रामसभा घ्यावी आणि सकारण ठराव करावा.

कारणांमध्ये पाण्याला पहिले स्थान द्यावे, असे माझे मत आहे. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलेले आहे, तर मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरी वस्तीसाठी केंद्राच्या मानकांत माणशी १३५ लिटर धरतात. २,००० सदनिकांत प्रत्येकी पाच माणसे धरली, तर त्या वसाहतीला रोज साडेतेरा लाख लिटर पाणी लागेल. आपल्या संपूर्ण गावाची गरज १ लाख ६५ हजार लिटर आहे. हे पाणी कोणत्या धरणातून, कोणत्या योजनेतून आणि कोणाच्या लेखी मंजुरीने येणार आहे, हा प्रश्न विचारावा. ‘स्थानिक स्रोत’ असे उत्तर आले, तर त्याचा अर्थ बहुधा कूपनलिका असा होतो, आणि आपल्याकडील काळ्या पाषाणात पाणी भेगांतून व झिजलेल्या थरांतून वाहत असल्यामुळे कुंपणाच्या आतल्या खोल उपशाचा परिणाम कुंपणाबाहेरच्या विहिरींवर होऊ शकतो. शिवाय वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी म्हणून बाहेर पडते. म्हणजे रोज दहा लाख लिटरहून अधिक सांडपाणी कोठे जाणार आहे, हेही विचारायला हवे.

आता पर्यावरण मंजुरीविषयी. केंद्राच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पाला पूर्वमंजुरी लागते. १,५०,००० चौरस मीटर बांधकाम किंवा ५० हेक्टर क्षेत्र गाठणारा प्रकल्प टाउनशिपच्या गटात मोडतो आणि त्याची छाननी अधिक कडक असते. मात्र याच अधिसूचनेने बांधकाम व टाउनशिप प्रकल्पांना लोकसुनावणीतून सूट दिलेली आहे. खाणीसाठी किंवा मोठ्या कारखान्यासाठी ज्या गावात मांडव घालून लोकांचे म्हणणे ऐकावे लागते, त्याच गावाशेजारी गावाच्या तिप्पट माणसे आणणाऱ्या वसाहतीसाठी ते ऐकावे लागत नाही. ही सूट मला उघड अन्यायाची वाटते आणि ती रद्द व्हावी, यासाठी ग्रामपंचायतींनी एकत्र येऊन मागणी केली पाहिजे.

तोवर आपल्या हातात लेखी निवेदन आहे. प्रस्तावाची कागदपत्रे केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर पाहता येतात. त्यांत पाण्याचा स्रोत, सांडपाण्याची व्यवस्था आणि परिसरातील जलस्रोत यांविषयी विकसकाने काय लिहिले आहे ते वाचावे आणि जे वास्तवाशी जुळत नाही ते राज्यस्तरीय तज्ज्ञ समितीला, समितीसमोर प्रस्ताव येण्याच्या आधी, नकाशा व छायाचित्रांसह कळवावे. मंजुरी मिळाल्यास तिची जाहिरात स्थानिक वृत्तपत्रांत द्यावी लागते आणि प्रत ग्रामपंचायतीकडेही पाठवावी लागते. तिच्याविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील करण्याची मुदत ३० दिवसांची आहे. पुरेसे कारण दाखवल्यास आणखी ६० दिवसांपर्यंत विलंब माफ होऊ शकतो, त्यानंतर नाही. न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यातच आहे. अनेक गावे मोर्चे आणि निवेदने यांत हे ९० दिवस घालवतात व नंतर वकिलाकडे जातात, हे पाहून फार वाईट वाटते.

प्रकल्प थांबला नाही, तर अटींसाठी झगडावे. बाहेरील पाणीपुरवठा प्रत्यक्ष सुरू झाल्याखेरीज भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरास योग्य असल्याचा दाखला) देऊ नये, ही मागणी ठरावात आजच नोंदवून ठेवावी. मंजुरीतील अटींच्या पालनाचा अहवाल विकसकाने दर सहा महिन्यांनी, १ जून व १ डिसेंबर रोजी, सादर करायचा असतो. तो मागून घ्यावा आणि जागेवर जाऊन पडताळावा.

प्रश्न : आमच्या गावाशेजारी होणाऱ्या गृहप्रकल्पासाठी आम्ही आमची चार एकर जमीन विकली. मुलीचे शिक्षण आणि सोसायटीचे कर्ज यांसाठी दुसरा मार्ग नव्हता. आता गावात आमच्याशी कोणी नीट बोलत नाही. आम्ही गावाचे नुकसान केले का? (सातारा जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : नाही, ताई. आपली जमीन विकणे हा आपला हक्क होता आणि ज्या शेतीतून कर्जही फिटत नाही ती धरून ठेवा, असे सांगण्याचा अधिकार इतरांना नाही. गावाचा प्रश्न परवानगीच्या अटींचा आहे, आपल्या खरेदीखताचा नाही. आपणही याच गावचे पाणी पिता. त्यामुळे पाण्याच्या मागणीच्या अर्जावर आपण सही करावी आणि गावाने ती मानाने घ्यावी. जमीन विकणारे आणि न विकणारे अशी फूट पडली की गावाचे म्हणणे कोणी मनावर घेत नाही.

प्रश्न : प्रकल्पाच्या जागेतून जाणारा ओढा मुरूम टाकून बुजवला जात आहे आणि शेतात जायची वहिवाटीची वाटही बंद केली आहे. जमीन त्यांची आहे, त्यामुळे बोलता येत नाही, असे काही जण म्हणतात. (नाशिक जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : जमीन त्यांनी विकत घेतली असेल, ओढा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० नुसार नद्या, ओढे व नाले यांचे तळ, जिथे इतर कोणाची मालकी सिद्ध होत नाही तिथे, शासनाच्या मालकीचे आहेत. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत घ्यावी, त्यावरील ओढ्याची रेषा आणि आजची स्थिती यांचा पंचनामा तलाठ्याकडून करून घ्यावा आणि तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्यावी. हे पावसाळ्यापूर्वी व्हायला हवे, कारण बुजलेल्या ओढ्याचे पाणी थेट वरच्या अंगाच्या शेतांत तुंबते.

वाटेसाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. हा दावा अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आतच दाखल करावा लागतो, म्हणून वाट कोणत्या तारखेला बंद झाली ते आजच लिहून ठेवावे आणि त्या वाटेने जाणाऱ्या शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे सोबत जोडावीत.