मुलगी 11 महिन्यांची, वजन 9.2 किलो: कार सीट आता पुढे तोंड करून लावावी का?

तुम्ही लिहिलंय की लेक 11 महिन्यांची आहे, वजन 9.2 किलो. सीटवर '9 किलोपासून पुढे तोंड चालेल' असं छापलंय. पाय गाडीच्या सीटला टेकून दुमडतात. दर महिन्याला पुणे ते चिपळूण जाता आणि तासाभरात ती रडायला लागते. सासूबाई म्हणतात, लेकराला बाहेरचं जरा दिसू द्या. म्हणून विचारताय, आता फिरवू का?

नका फिरवू. अजून निदान वर्षभर तरी नको, आणि सीटमध्ये बसतेय तोवर त्याहूनही जास्त.

आधी तो 9 किलोचा आकडा बघू, कारण बहुतेकांची गफलत तिथेच होते आणि माझीही झाली होती. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच सीट्सवर दोन गट लिहिलेले असतात: मागे तोंड 0 ते 13 किलो, पुढे तोंड 9 ते 18 किलो. म्हणजे 9 ते 13 हे चार किलो दोन्हीकडे आहेत. 9 च्या आत पुढे तोंड करायचंच नाही आणि 13 च्या पुढे त्या सीटमध्ये मागे तोंड ठेवायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही बघायचा आकडा 13 आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात मधल्या रेषेवरची मुलगी दोन वर्षांची होते तेव्हा 11.5 किलोची असते आणि अडीच वर्षांची होते तेव्हा 12.7 किलोची. म्हणजे तुमच्या सीटमध्ये लेकीला अजून बरीच जागा आहे.

थोरल्याच्या वेळी आम्हाला दुकानदाराने सांगितलं होतं, "वर्षाचा झाला की फिरवा, मॅडम, सगळे तेच करतात." आम्ही तर साडेदहा महिन्यांतच फिरवली, कारण तो 9 किलो भरला होता आणि आम्हाला त्याचं कौतुक वाटत होतं. तीन आठवड्यांनी आम्हीही चिपळूणलाच निघालो होतो. खंबाटकी उतरून सुरूरच्या पुढे गेलो आणि एका टेम्पोने अचानक आमच्या लेनमध्ये घुसवलं. नवऱ्याने करकचून ब्रेक दाबला. टक्कर झाली नाही. मी मागे लेकाच्या शेजारी बसले होते. तो पेंगत होता. पट्ट्यांनी त्याचे खांदे जागच्या जागी धरले आणि डोकं एकटंच पुढे गेलं. हनुवटी छातीवर आपटली, मान मागून पूर्ण ताणली गेली, जावळाखालचा तो बारीकसा खळगा मला स्पष्ट दिसला. मग डोकं मागे येऊन सीटवर आदळलं. हातातलं बिस्किट पुढच्या सीटखाली गेलं होतं. तो रडला, पाच मिनिटांत शांत झाला, त्याला काहीही झालं नव्हतं. मला मात्र पाटणपर्यंत दुसरं काही सुचत नव्हतं. हा नुसता ब्रेक होता. त्या रात्री मी सीटची माहितीपुस्तिका पहिल्यांदा पहिल्या पानापासून वाचली, आणि परतीच्या प्रवासात सीट पुन्हा मागे तोंड करून लावली.

मी जे डोळ्यांनी बघितलं त्याचं कारण बाळाच्या बांध्यात आहे. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या लांबीच्या जवळजवळ पाव हिस्सा असतं, आपलं साधारण आठवा. मानेचे मणके तेव्हा अजून पूर्ण हाडाचे झालेले नसतात. बहुतेक मणके तीन तुकड्यांत असतात, मध्ये कूर्चा असते, आणि ते सांधायला पुढची काही वर्षं जातात. बाळ चालायला लागलं, धष्टपुष्ट दिसलं म्हणून मान तेवढी पक्की झालेली नसते. तोंड मागे असेल आणि गाडी समोरून धडकली, तर बाळाची पाठ, मान आणि डोकं तिन्ही एकदम सीटच्या पाठीत दाबले जातात आणि धक्का सगळ्या पाठीवर पसरतो. तोंड पुढे असेल तर खांदे थांबतात आणि डोक्याचा सगळा भार मानेवर येतो. जीवघेणे धक्के सगळ्यात जास्त समोरूनच बसतात. मागून कोणी ठोकलं तर, असं विचारणारे असतात. पण तेव्हा सहसा दोन्ही गाड्या एकाच दिशेने चाललेल्या असतात, त्यामुळे धक्का तुलनेने कमी असतो.

नेटवर 'मागे तोंड पाचपट सुरक्षित' असा एक आकडा फिरतो. तो कृपा करून कोणाला सांगू नका. 2007 च्या एका अमेरिकी अभ्यासातून तो आला होता आणि तो अभ्यास पुढे मागे घेतला गेला. आकडेवारी नव्याने तपासली तेव्हा दिसलं की नीट बांधलेल्या दोन वर्षांखालच्या मुलांना गंभीर दुखापत होण्याचं प्रमाणच इतकं कमी आहे की दोन दिशांमधला फरक आकड्यांत ठामपणे दाखवता येत नाही. मला यात दिलासा वाटतो: सीट आणि घट्ट पट्टा हेच अर्ध्याहून जास्त काम करतात. पण मानेवर येणारा ताण चाचणीत मोजता येतो आणि तिथे फरक स्पष्ट आहे. स्वीडनमध्ये मानेवरचा ताण मोजणारी 'प्लस टेस्ट' आहे. ती आजवर फक्त मागे तोंड असलेल्या सीट्सच पास झाल्यात.

स्वीडनचं नाव आलंच आहे तर सांगते. बर्टिल आल्डमन नावाच्या तिथल्या डॉक्टरांना ही कल्पना अंतराळवीरांच्या सीटवरून सुचली, कारण तेही धक्का पाठीवर घेतात. 1964 साली व्होल्वोने पहिला नमुना तपासून पाहिला. तिथे मुलं चार वर्षांची होईपर्यंत मागे तोंड करूनच बसतात. माझा मावसभाऊ गोथेनबर्गला असतो. त्याची साडेतीन वर्षांची मुलगी मांडी घालून मागची खिडकी बघत बसते आणि तिला त्यात काही वेगळं वाटत नाही. युरोपच्या बालसीटसाठीच्या आय-साइझ नियमात 15 महिन्यांच्या आत पुढे तोंड करताच येत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना 2011 पासून 'किमान दोन वर्षं' म्हणत होती, 2018 मध्ये तिने वयाची अटच काढली आणि 'सीटची मर्यादा भरेपर्यंत' असं केलं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालसीट नसेल तर 1000 रुपये दंड आहे, पण तोंड कुठल्या दिशेला हे त्या कलमात नाही. ते आपणच बघायचं.

आता पाय. दुमडलेले पाय बघून आपला जीव कासावीस होतो, मुलांना त्याचं काही नसतं. घरी जमिनीवर ती कशी बसते बघा: मांडी घालून, पाय पोटाशी घेऊन, बेडकासारखी. सीट लहान झाल्याची खूण पायांत नसते, डोक्यात असते. डोक्याचा वरचा भाग सीटच्या कडेच्या साधारण एक इंच खाली आला, किंवा वजन 13 भरलं, की जागा संपली. तुमच्या पुस्तिकेत उंचीची वेगळी मर्यादा असेल तर ती धरा.

रडण्याचं मात्र मी हलकं घेणार नाही. दोन-अडीच तास रडणारं बाळ घेऊन गाडी चालवणं हीसुद्धा धोक्याचीच गोष्ट आहे. पण सीट फिरवायच्या आधी काही गोष्टी करून बघा. हार्नेसचे खांद्याचे पट्टे कुठून निघतात बघा. मागे तोंड असताना ते खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून यायला हवेत. मुलं वाढतात आणि पट्टे जुन्याच भोकात राहतात, मग ते काचतात. सीट अजून तान्ह्या बाळासारखी फार आडवी ठेवली असेल तर पुस्तिकेत चालत असेल तेवढी उभी करा, तिला खिडकीबाहेरचं दिसायला लागेल. धाकटीचं अर्धं रडणं यानेच थांबलं. उन्हात उभ्या गाडीचं बक्कल आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा. एप्रिलमध्ये आम्ही सीटवर पांढरा पंचा टाकूनच गाडी लावायचो. आणि उंब्रजला थांबून तिला सरळ वीस मिनिटं रांगू द्या. घाटात गाडी लागेल अशी भीती असेल, तर दोन वर्षांच्या आत तो त्रास सहसा कमीच असतो.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांचं नातीवर प्रेम आहे म्हणूनच त्या बोलतात. माझ्या सासूबाईंचं म्हणणं होतं, "मांडीवर घेते की मी, घट्ट धरीन." मी त्यांना हिशेब सांगितला. 50 च्या वेगाने जाणारी गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर 10 किलोचं बाळ हातातून जवळजवळ 140 किलोच्या ओढीने सुटतं. तांदळाची जवळजवळ तीन पोती. त्यांनी थोडा वेळ काही म्हटलं नाही, मग म्हणाल्या, "मग मी हिच्या शेजारी बसते." तेव्हापासून त्या मागे धाकटीच्या शेजारी बसायच्या, तिच्याकडे तोंड करून ओव्या म्हणायच्या. पुढे तोंड असतं तर तिला आजीचा चेहरा इतका समोर दिसला नसता.

बसवताना एक गोष्ट कधीच चुकू नका: मागे तोंड असलेली सीट पुढच्या, एअरबॅग असलेल्या जागी ठेवायची नाही. एअरबॅग उघडली तर ती थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते. लहान गाडी असेल तर मागे डावीकडे लावा, ड्रायव्हरला जागा राहते. पट्टा ज्या खाचांतून जातो तिथे सीट धरून हलवा, इंचभरापेक्षा जास्त हलली तर सैल आहे. बहुतेक सीट्सवर निळ्या खुणा मागे तोंडासाठी आणि लाल पुढे तोंडासाठी असतात. आम्ही पहिल्यांदा लाल खाचांतून पट्टा घातला होता. बाळाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून बघा. चिमटीत आला तर अजून ओढा. महाबळेश्वरच्या थंडीतला जाड स्वेटर पट्ट्याच्या आत नको, वरून पांघरुण घाला.

पुढे कधीतरी फिरवाल तेव्हा पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा वर घ्या, आणि सीटला वरून बांधायचा टेदर पट्टा असेल व गाडीत त्याची कडी असेल, तर तो लावाच. डोकं किती पुढे जाईल ते त्यावर ठरतं. धाकटीची सीट आम्ही दोन वर्षं आठ महिन्यांनी फिरवली, 13 किलोचा काटा ओलांडला त्या आठवड्यात.

तुमच्या लेकीला पुढच्या लशीला न्यालच. डॉक्टरांकडे वजन होईल ते पुस्तिकेच्या कडेला लिहून ठेवा, उंचीही लिहा, आणि मग इथे कळवा. तोवर ती मागेच बघत बसू दे.