'अ कॉल टू स्पाय' पाहून पडलेला प्रश्न : नूर इनायत खान खरोखरच निष्काळजी होती का?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत : दुसऱ्या महायुद्धातल्या स्त्री हेरांवरचा हा चित्रपट कितपत खरा आहे, तो पाहावा का, आणि पाठवलेल्या सर्व संदेशांची वही जवळ बाळगणारी, ब्रिटिशांसाठी फ्रान्समध्ये गेलेली नूर ही हेर म्हणून निष्काळजी नव्हती का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे माझ्यापेक्षा चांगली देणारे पुष्कळ भेटतील. तिसऱ्या प्रश्नातला 'निष्काळजी' हा शब्द वाचल्यावर मात्र मला राहवले नाही, कारण त्याच अर्थाचा इंग्रजी शब्द माझ्या सेवापुस्तकात नोंदवलेला आहे आणि तोही एका संदेशापायीच.

मी १९७७ साली तारेच्या कामावर लागले. मोठ्या शहरांत तोवर टेलिप्रिंटर रुळला होता, पण आमच्यासारख्या आडबाजूच्या तारघरांत मोर्सची ठोके पाठवणारी कळ आणि आलेले ठोके वाजवणारा साउंडर हीच जोडी होती. साउंडरचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून त्याच्या मागे बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा उभा केलेला असे, आणि रात्रपाळीला पाऊस पडू लागला की पन्हळीचा आवाज कोणता व डब्याचा कोणता एवढे वेगळे करण्यातच निम्मे कसब खर्ची पडे. ज्यांनी हे काम केलेले नाही त्यांची समजूत अशी असते की कट्ट आणि कडकट्ट यांच्यात माणूस उरतच नाही, सगळ्यांचे ठोके सारखेच. तसे मुळीच नसते. अक्षराला जसे वळण असते तसे ठोक्यालाही असते. इंग्रजीत त्याला मूठ म्हणतात, आम्ही 'हात' म्हणत असू. किनाऱ्याकडच्या एका तारघरात एक बाई होत्या. त्यांना मी चार वर्षांत एकदाही पाहिले नव्हते, परंतु त्यांचा हात मला झोपेतही ओळखू आला असता. 'सी' अक्षराचे शेवटचे टिंब त्या किंचित उशिरा देत, जिना उतरताना शेवटच्या पायरीवर क्षणभर थबकावे तसे. त्यांचे डोके दुखत असले की दोन शब्दांमधली जागा वाढायची, आणि मी मजकूर संपल्यावर 'गोळी घ्या' असे दोन शब्द हळूच पाठवून द्यायची.

१९८१ च्या जुलैत एका रात्री त्याच लाइनवरून एक तार येऊ लागली आणि दुसऱ्याच शब्दाला माझा हात थांबला. ठोके चुकत नव्हते, पण ते बाईंचे नव्हते. 'सी'चे टिंब थबकत नव्हते, आणि अक्षरांमधली जागा कुठे आखडलेली तर कुठे सैल होती. वडील अत्यवस्थ आहेत, ताबडतोब निघ, असा मजकूर होता, आणि पत्त्यातल्या गावाच्या नावाचे शेवट चिकटून आले होते. आता पाहा, 'एल' या अक्षराच्या शेवटी दोन टिंबे असतात आणि 'आय' म्हणजे पुन्हा दोनच टिंबे. मध्ये पुरती जागा सोडली तर शिरोली, न सोडली तर शिरोळ आणि मागे काहीतरी खरखर. मी पुन्हा विचारले, तेव्हाही तसेच गिचमिड आले. मी पर्यवेक्षक साहेबांना सांगितले की लाइनवर बाई नाहीत, कोणी दुसरेच बसले आहे, आपण फोन करून खात्री करून घेऊ. साहेबांनी शेवटी आलेली सहीची अक्षरे पाहिली आणि विचारले, "सही त्यांचीच आहे ना? मग घ्या आणि पुढे पाठवा, मागे पाच तारा खोळंबल्या आहेत."

तार शिरोळला गेली. तिथल्या शिपायाने त्या नावाचा माणूस दिवसभर शोधला आणि दुसऱ्या दिवशी ती परत आली. ज्याला ती मिळायला हवी होती तो पोहोचला तिसऱ्या दिवशी, सगळे उरकल्यावर. त्यानंतर पंधरवड्याने तो आमच्या तारघरात आला. त्याने भांडण केले नाही. मूळ कागद पाहायला मागितला, गावाच्या नावावरून अंगठा फिरवला आणि कागद परत देऊन तो निघून गेला. मागाहून कळले ते असे की बाईंना सणकून ताप भरला होता, त्या मागच्या खोलीत आडव्या झाल्या होत्या, आणि तारा वाटणारा एक मुलगा, जो फावल्या वेळात कळ शिकत होता, त्यांच्या जागी बसून त्यांच्याच सहीने तारा देत होता. चौकशीत त्या मुलाला काही झाले नाही, साहेबांना काही झाले नाही, खुलासा मागवला गेला तो माझ्याकडून. मी लिहिले की हात वेगळा असल्याचे मी वेळीच सांगितले होते. त्या वाक्याखाली साहेबांनी लाल शाईने रेघ ओढली आणि समासात शेरा मारला की हात हा पुरावा नव्हे.

आता नूरकडे येते. १६-१७ जून १९४३ च्या रात्री लायसँडर जातीच्या छोट्या विमानाने ती फ्रान्समध्ये उतरली. वय २९, टोपणनाव 'मादलेन', कागदोपत्री जान-मारी रेनिए नावाची परिचारिका. ब्रिटिशांच्या 'एसओई' या गुप्त संघटनेच्या फ्रेंच विभागाने जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिली स्त्री वायरलेस ऑपरेटर होती. तिचा हात जड होता. थंडीने बोटे सुजत असल्यामुळे ती कळ आपटत असे असे सांगतात, आणि त्यावरून हवाई दलाच्या साहाय्यक पथकात तिला 'बँग अवे लुलू' असे चिडवत. मला ही गोष्ट वाचून हसू आले नाही. असा हात म्हणजे ऑपरेटरचे ओळखपत्रच, तो हजारांत कळतो. प्रशिक्षणाच्या वेळी कर्नल स्पूनर यांनी तिच्याबद्दल शेरा दिला होता की तिच्या डोक्यावर अकलेचा फार बोजा नाही, स्वभाव अस्थिर आहे, आणि प्रत्यक्ष कामगिरीला ती योग्य ठरेल की नाही याची शंकाच आहे. असे असूनही तिला पाठवले, कारण ऑपरेटर हवे होते, आणि घाईपायी तिचे सुरक्षिततेचे प्रशिक्षण अर्धवट राहिले. ती उतरली आणि आठवड्याभरातच पॅरिसभोवतीचे 'प्रॉस्पर' हे हेरांचे जाळे फुटून धरपकड सुरू झाली. परत ये म्हणून सांगितले असता तिने नकार दिला, कारण तिच्यामागे पॅरिसहून लंडनशी बोलणारे जवळजवळ कोणीच उरले नसते. वायरलेसवाल्याचे आयुष्य सहा आठवड्यांचे धरले जात असे. ही बाई पेटीएवढा संच उचलून घरे बदलत ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत टिकली, आणि पकडली गेली तीही फितुरीमुळे.

वहीबद्दल आपण जे पाहिले ते खरे आहे. पाठवलेले संदेश तिने वहीत उतरवून ठेवले होते आणि ती वही जर्मनांच्या हाती लागली. पण ती वही तिने का ठेवली, याचा एसओईचा अधिकृत इतिहास लिहिणाऱ्या एम. आर. डी. फूट यांच्यापासून दिला जाणारा एक खुलासा असा आहे की तिला दिलेल्या लेखी सूचनेत संदेशांच्या 'फायलिंग'बाबत अत्यंत दक्ष राहा, अशा अर्थाचे वाक्य होते. आमच्या धंद्यात आणि वार्ताहरांच्या बोलीत 'फाइल करणे' म्हणजे मजकूर पाठवण्यासाठी सुपूर्द करणे. मराठी वार्ताहरसुद्धा आज बातमी 'फाइल करतो', तेव्हा ती कपाटात लावून ठेवत नाही. पॅरिसमध्ये वाढलेल्या, मुलांसाठी जातककथा लिहिणाऱ्या, वीणा वाजवणाऱ्या मुलीने तो शब्द कचेरीतल्या अर्थाने घेतला आणि दक्ष राहून सगळे नीट लावून ठेवले, तर तिला निष्काळजी म्हणायचे की आज्ञाधारक? सूचना लिहिणाऱ्याने एक शब्द सोपा वापरला असता तर काय बिघडले असते?

मला त्याहूनही झोंबते ती पुढची गोष्ट. तिला पकडल्यावर जर्मनांनी पॅरिसमधील ८४, अव्हेन्यू फॉश या त्यांच्या ठाण्यातून तिच्याच नावाने लंडनशी संदेशांची देवाणघेवाण चालू ठेवली, आणि लंडनने ते संदेश तिचे म्हणून घेतले. ऑपरेटरला पाठवण्यापूर्वी त्याच्या हाताची नोंद ठेवण्याची पद्धत असताना, आणि संदेशात ठरावीक चुका पेरून 'मी मोकळा आहे' असे सांगण्याची खूण असताना, हे घडले. प्रॉस्परचाच ऑपरेटर गिल्बर्ट नॉर्मन पकडला गेल्यावर त्याच्या संचावरून गेलेल्या संदेशात खूण नव्हती, म्हणजे जे कळायला हवे ते अचूक कळत होते. लंडनने उलट त्यालाच बजावले की तू खूण विसरलास, पुढच्या वेळी काळजी घे. हे मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेले आणि विनाकारण भांडी आवरत बसले. साहेब सगळीकडे सारखेच असतात, फक्त तिकडे त्याची किंमत वेगळी होती. नूरच्या गटाच्या नावाने जर्मनांनी मागणी केली आणि फेब्रुवारी १९४४ च्या अखेरीस लंडनने हवाई छत्रीने माणसे उतरवली ती थेट जर्मनांच्या हातात. त्यांत मादलेन दामरमाँ नावाची तरुणी होती. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत नूरला गोळी घातली तेव्हा तिच्यासोबत मारल्या गेलेल्या तिघींपैकी ही एक.

त्या जुलैनंतर मीही एक वही घातली होती. चाळीस पानी, भाचीच्या दप्तरातली उरलेली. शंका आलेली प्रत्येक तार, वेळ, कोणाचा हात वाटला, मी काय विचारले आणि साहेब काय म्हणाले, असे सगळे त्यात असे. आठ महिन्यांनी ती साहेबांना सापडली आणि लोकांच्या खासगी मजकुराची नक्कल बाळगल्याबद्दल दुसरा मेमो आला. पहिल्या वेळी लेखी काही नव्हते म्हणून दोष, दुसऱ्या वेळी लेखी होते म्हणून दोष. वही मी न्हाणीघरातल्या बंबात घातली. नियमाने साहेब बरोबर होते, हे मी आज कबूल करते, कारण तारेचा मजकूर हा आमचा नसतोच. पण मग हात ओळखणाऱ्याचे तोंडी ऐकायचे, एवढे तरी त्यांनी करायला हवे होते.

चित्रपटाबद्दल थोडे राहिले. लिडिया डीन पिल्चर यांनी २०१९ मध्ये तो केला. एसओईची अमेरिकन हेर व्हर्जिनिया हॉल झालेल्या सेरा मेगन थॉमस यांनीच तो लिहिला आहे, भरती करणाऱ्या व्हेरा ॲटकिन्स स्टाना काटिक झाल्या आहेत, आणि नूर आपल्या पुण्यात वाढलेल्या राधिका आपटे यांनी संयतपणे केली आहे. नूरचे वडील इनायत खान हे बडोद्याचे, गायकवाडांच्या राज्यात गायनशाळा चालवणाऱ्या मौलाबक्षांचे नातू, तेव्हा या निवडीचे मला उगीचच समाधान वाटले. तीन बायकांची आयुष्ये एका कथानकात गुंफण्यासाठी काळाची ओढाताण केलेली आहे. व्हर्जिनिया नोव्हेंबर १९४२ मध्येच पिरनीज पर्वत पायी ओलांडून फ्रान्सबाहेर पडली होती आणि नूर उतरली ती १९४३ च्या जूनमध्ये, म्हणजे त्या दोघी फ्रान्समध्ये एका वेळी काम करत असणे शक्य नव्हते. गोळीबार आणि पाठलाग यांच्या आशेने बसाल तर चित्रपट संथ वाटेल. पाहा मात्र जरूर, आणि शक्य तर हेडफोन लावून पाहा.

ज्यांच्याशी आपला वाद झाला आणि ज्यांनी 'निष्काळजी' हा शब्द वापरला, त्यांना एवढेच विचारा की वही सापडली नसती तरी लंडनने खोटा हात ओळखला असता का. नूरच्या चुका झाल्या नाहीत असे माझे म्हणणे नाही. इंग्रजी सवयीप्रमाणे कपात आधी दूध ओतून तिने फ्रान्समध्ये लोकांना चरकवले होते अशी आठवण सांगितली जाते, आणि सुरक्षिततेच्या नियमांचा तिला कंटाळा होता हे तिच्या शेऱ्यातही आहे. शिवाय युद्धातला कक्ष आणि आमचे तारघर यांची बरोबरी होत नाही, हेही मला समजते. तरी व्हर्जिनिया हॉल १९४४ मध्ये लाकडी पाय घेऊन, म्हातारीचे सोंग करून पुन्हा फ्रान्समध्ये गेली, ती जाण्यापूर्वी स्वतः वायरलेस शिकून गेली. ती का शिकली असेल, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही.