कोशेर जेवणासाठी 36 लाख जास्त मोजायचे का?

प्रश्न: आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. मुलीला न्यूयॉर्कमध्ये कॉम्प्युटर सायन्सच्या मास्टर्ससाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. मॅनहॅटनमधल्या खाजगी विद्यापीठाची एकूण फी 66 हजार डॉलर आहे. दुसरं फ्लशिंगचं सरकारी क्वीन्स कॉलेज. खाजगीत ज्यू विद्यार्थी भरपूर, कोशेर (ज्यू धर्मनियमांनुसार केलेल्या) जेवणाची मेस आहे, शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवसही पाळता येईल, म्हणून तिकडे कल आहे. शिल्लक 22 लाख. उरलेल्यासाठी राहतं घर तारण ठेवावं का? माझं वय 54.

उत्तर: क्वीन्स घ्या. कारण सांगतो.

क्वीन्स कॉलेज हे सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कचं. तिथे बाहेरच्या विद्यार्थ्याला मास्टर्सचा क्रेडिट (अभ्यासक्रम मोजायचं एकक) साधारण 855 डॉलरला पडतो. 30 क्रेडिटचे 25,650 डॉलर. डॉलर 90 रुपये धरला तर 23 लाख. खाजगीचे 59 लाख. राहण्या-खाण्याचे महिना 1,800 डॉलर धरले, तर 16 महिन्यांचे 26 लाख दोन्हीकडे सारखेच. तुमचे 22 लाख वजा केले की कर्ज एकीकडे 27 लाख, दुसरीकडे 63. साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांचा हप्ता अनुक्रमे साडेछत्तीस हजार आणि पंच्याऐंशी हजार. शिकत असतानाचं व्याज वेगळंच.

साडेसात लाखांच्या वर बँका सहसा तारण मागतात, त्यामुळे घराचे कागद कदाचित द्यावेच लागतील. पण हप्ते संपेपर्यंत तुम्ही पासष्टी ओलांडलेली असेल. निवृत्तीनंतर साडेछत्तीस हजार ओढूनताणून निघतील, पंच्याऐंशी नाही निघणार. पीएफला हात लावायचा नाही.

आता वातावरणाचं. न्यूयॉर्कमध्ये ज्यू जीवन फीच्या पावतीवर मिळत नाही, ते शहरातच आहे. क्वीन्स कॉलेजला लागून असलेल्या क्यू गार्डन्स हिल्समध्ये कोशेर दुकानं नि सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळं) पायी अंतरावर आहेत. ज्यू विद्यार्थ्यांची हिलेल ही संस्था या कॉलेजातही आहे. शनिवारच्या परीक्षेची धास्ती असेल, तर न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण कायद्यातलं 224-ए कलम वाचा: धार्मिक कारणाने चुकलेली परीक्षा कॉलेजला जादा शुल्क न घेता पुन्हा घ्यावी लागते. सरकारी कॉलेज म्हणून नाक मुरडण्याचंही कारण नाही. 1920 च्या दशकात कोलंबियासारखी विद्यापीठं ज्यूंच्या प्रवेशाला चाप लावत होती, तेव्हा गरीब ज्यू स्थलांतरितांची मुलं याच व्यवस्थेतल्या सिटी कॉलेजात फुकट शिकत होती. पोलिओची लस शोधणारे जोनास साल्क तिथलेच.

खाजगी विद्यापीठाचं नाव नोकरीत थोडं जास्त चालेल, हे मान्य. पण त्याची किंमत 36 लाख नाही. शिक्षणानंतर कामाची परवानगी दोन्हीकडे सारखीच: एक वर्ष, आणि तंत्रज्ञान शाखेला आणखी दोन. त्यापुढचा व्हिसा सोडतीवर, म्हणून डॉलरमधला पगार धरून हप्ता मांडू नका. भारतातल्या पगारातून तो निघतो का ते पाहा.

कर्ज शक्यतो मुलीच्या नावावर, तुम्ही सहकर्जदार. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची आयकर सवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, आणि जो व्याज भरतो त्यालाच. खाजगी विद्यापीठाला एक ईमेल मात्र जरूर टाका, शिष्यवृत्ती वाढवता का विचारा. फी 30 हजार डॉलरच्या आत आणली, तर मला पुन्हा लिहा.