ऑइल चेंबरचा व्हॉल्व्ह आणि बसलेले इंजिन : दाद कोणाकडे मागावी?

आपले पत्र व सोबतचे कागद मी दोनदा वाचले. इतर वाचकांसाठी हकीकत थोडक्यात सांगतो. सोलापुरात सुताचा व्यापार करणाऱ्या या वाचकांनी सव्वा वर्षापूर्वी 9 लाख 40 हजार रुपयांना मोटार घेतली. नोव्हेंबरअखेर ऑइल बदलताना घराजवळच्या गॅरेजमधील मिस्त्रीने इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचा मूळ नट काढून तेथे लिव्हर फिरवताच ऑइल सोडणारा व्हॉल्व्ह बसवला. सात आठवड्यांनी मोहोळ तालुक्यात, उसाच्या ट्रॅक्टरांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या रस्त्यावर गाडी खालून घासली. थोड्या वेळाने ऑइलचा लाल दिवा लागला, त्यानंतरही गाडी सुमारे चार किलोमीटर चालली आणि इंजिन बसले, म्हणजे आतून जाम झाले. सर्व्हिस सेंटरने 1 लाख 85 हजारांचे अंदाजपत्रक हाती दिले आणि वॉरंटी नाकारली. विमा कंपनीने दावा फेटाळला. गॅरेजमालकांचे म्हणणे एकच, की गाडी तुम्ही आपटली.

सर्वप्रथम, ते इंजिन आपल्या गैरहजेरीत कोणालाही खोलू देऊ नका. सर्व्हिस सेंटरला आजच लेखी कळवा की व्हॉल्व्ह, चेंबर आणि उरलेले ऑइल आहे त्या स्थितीत जपून ठेवावे. गाडी लिफ्टवर असताना व्हॉल्व्हचे फोटो घ्या, त्यात लिव्हर कोणत्या कोनात आहे आणि त्याची सुरक्षा क्लिप जागेवर आहे की नाही हे स्पष्ट दिसले पाहिजे. तपासणी स्वतंत्र परवानाधारक सर्व्हेअरकडून करून घ्या आणि तिची तारीख गॅरेजमालकांना आधी लेखी कळवा, म्हणजे आपल्या पाठीमागे तपासणी झाली असे म्हणायला त्यांना जागा राहणार नाही. त्रुटी सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदारावर असते. अशा प्रकरणांत मी अनेकदा पाहिले आहे की बाजू खरी असूनही केवळ जुना भाग भंगारात गेला म्हणून तक्रार उभी राहू शकली नाही, आणि त्याचे मला दर वेळी वाईट वाटते.

व्हॉल्व्ह ही वस्तूच वाईट आहे, असे आपण पत्रात लिहिले आहे. तक्रारीत तसे लिहू नका. आपले पत्र आल्यावर मी ओळखीच्या मिस्त्रीकडे जाऊन असा एक व्हॉल्व्ह हातात घेऊन पाहिला. त्याचा लिव्हर आधी स्प्रिंगच्या विरुद्ध उचलावा लागतो आणि मगच पाव वळसा फिरतो. त्यावर क्लिप बसवली की तो उचलताही येत नाही. त्याचे फायदे खरे आहेत. दर वेळी नट काढून घट्ट करताना ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात, तो प्रश्न मिटतो. नवा वॉशर लागत नाही, पाना लागत नाही, गरम ऑइल हातावर सांडत नाही. हे सगळे गॅरेजमालकांचे वकील ग्राहक आयोगापुढे सांगतील आणि ते नाकारता येणार नाही. मात्र हाच व्हॉल्व्ह मूळ नटापेक्षा खाली लोंबतो, ऑइल सावकाश सोडतो आणि त्याचे आटे चेंबरच्या आत थोडे वर आले तर तळाशी जुने ऑइल राहते. ज्या गाडीचे चेंबर आधीच जमिनीजवळ आहे आणि खाली संरक्षक पत्रा नाही, तिला तो बसवण्यापूर्वी जमिनीपासूनचे अंतर मोजणे, आखूड व्हॉल्व्ह निवडणे, क्लिप लावणे आणि मालकाला धोका समजावून सांगणे हे कसबी माणसाचे कर्तव्य आहे. आपली तक्रार व्हॉल्व्हविरुद्ध नव्हे, तर या गाडीला तो ज्या पद्धतीने बसवला गेला त्याविरुद्ध असली पाहिजे.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ही सेवेतील त्रुटी ठरते. शिवाय आपण लिहिता की खोक्यावर उत्पादकाचे नावच नव्हते. मग कलम 86 महत्त्वाचे आहे, कारण उत्पादक कोण हे कळत नसेल तर उत्पादन दायित्वासाठी, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या नुकसानीच्या भरपाईसाठी, विक्रेत्याला जबाबदार धरता येते, आणि येथे व्हॉल्व्ह विकणारे व बसवणारे गॅरेज एकच आहे. नुकसान व्हॉल्व्हचे नसून इंजिनाचे, म्हणजे दुसऱ्या मालमत्तेचे आहे, ही बाबही या कलमाखालील दाव्यासाठी आवश्यकच असते. बिल मिळाले नाही म्हणून आपण खचला आहात, पण यूपीआयने दिलेल्या 2,200 रुपयांची नोंद आणि ‘ऑइल, फिल्टर, नवीन व्हॉल्व्ह झाले’ हा मालकांचा संदेश पुरेसा बोलका आहे. तो मोबाईलमधून पुसू नका. त्याच्या छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील इलेक्ट्रॉनिक नोंदीचे प्रमाणपत्र जोडा.

वॉरंटीविषयी आपण इंटरनेटवरील लेखाची जी प्रत पाठवली आहे, ती अमेरिकेतील 1975 च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यावर आहे. बाहेरचा भाग वापरला एवढ्याच कारणाने वॉरंटी नाकारता येत नाही, हे त्या देशापुरते बरोबर आहे, पण सोलापूरच्या आयोगापुढे तो कायदा चालणार नाही. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात असेच तत्त्व मांडले होते. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असा त्याचा आशय आहे. त्या आदेशावर पुढे अपिले झाली. दुसरे असे की, हे तत्त्व आपल्या बाजूने आणि विरुद्धही जाते. गिअरबॉक्स किंवा एसीची वॉरंटी कंपनीला नाकारता येणार नाही आणि तसे त्यांच्याकडून लेखी घ्यावे. परंतु ऑइल संपून बसलेले इंजिन त्या व्हॉल्व्हपाशीच येऊन थांबते, म्हणून इंजिनासाठी कंपनीला तक्रारीत ओढू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

विमा कंपनीच्या उत्तरात ‘परिणामजन्य नुकसान’, म्हणजे मूळ आघाताच्या परिणामाने पुढे झालेले नुकसान, हे कारण आहे. नेहमीच्या पॉलिसीत परिणामजन्य नुकसान व यांत्रिक बिघाड वगळलेले असतात, तरीही बाहेरच्या आघाताने चेंबर व व्हॉल्व्हला जी इजा झाली तिचा दावा स्वतंत्रपणे टिकू शकतो. पॉलिसीच्या अनुसूचीत इंजिन संरक्षणाचे जादा कवच आहे का ते पाहा, कारण पाठवलेल्या प्रतीत ते पान नाही. असल्यास आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी अर्ज करा. उत्तर समाधानकारक नसेल किंवा महिनाभरात आले नाही, तर एका वर्षाच्या आत पुण्यातील विमा लोकपालांकडे जाता येते. तेथे शुल्क नाही व वकीलही लागत नाही. मात्र तोच विषय ग्राहक आयोगात प्रलंबित असेल तर लोकपाल तक्रार घेत नाहीत, त्यामुळे विमा कंपनीला गॅरेजविरुद्धच्या तक्रारीत सामील करू नका.

आरटीओची भीती बाळगू नका. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या बदलांविषयी आहे आणि चेंबरचा नट हा त्या तपशिलांचा भाग नाही.

एक अडचण मात्र गंभीर आहे. गाडीतून आपण सुताचे नमुनेही नेता, त्यावर बोट ठेवून ‘हे व्यावसायिक प्रयोजन आहे, तुम्ही ग्राहकच नाही’ असा आक्षेप येईल. गाडी आपल्या वैयक्तिक नावावर आहे, घरच्यांसाठीही वापरली जाते आणि व्यवसाय आपण एकट्याने उपजीविकेसाठी करता, हे प्रतिज्ञापत्रात पहिल्याच परिच्छेदात लिहा.

आता कृती. गॅरेजमालकांना पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस द्या. प्रतिसाद न आल्यास सोलापूरच्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करा. आपण येथे राहता एवढा आधार अधिकारक्षेत्राला पुरतो. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि गाडीची पूर्ण किंमत मोबदला म्हणून धरली तरी शुल्क 200 रुपयांहून अधिक होत नाही. व्हॉल्व्हमधील दोष प्रयोगशाळेत तपासून घ्यावा लागला, तर आयोग ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 38 खाली तसा आदेश देऊ शकतो.

राहिला लाल दिवा. तो लागल्यानंतरचे चार किलोमीटर लपवू नका. दिवा लागताच इंजिन बंद केले असते तर नुकसान कदाचित चेंबरपुरते राहिले असते, हा समोरच्यांचा सर्वांत बळकट मुद्दा आहे, आणि गाडीच्या संगणकात त्याची नोंद सापडली तर आपल्या बाकीच्या खऱ्या म्हणण्यावरही अविश्वास येईल. अंधार होता, कडेला ट्रॉल्या उभ्या होत्या आणि थांबायला जागा नव्हती, हे आपण मला लिहिले आहे तसेच तक्रारीत लिहा. आयोग त्यापोटी रक्कम कमी करू शकतो, म्हणून मागणी 1 लाख 85 हजारांचीच ठेवा, पण तडजोडीची बोलणी निघाल्यास त्याहून कमी रकमेला आपण कोठवर तयार आहात, ते नोटीस पाठवण्यापूर्वी मनाशी ठरवा.