रामटेकजवळच्या खिंडसी तलावावरच्या बोटीत नेट टिकत नाही, महागडा राउटर घ्यावा का?

बोट धक्क्याला असेपर्यंत वायफाय धावतं आणि तलावाच्या मध्यावर गेलं की बसतं, पर्यटकांचं यूपीआयही अडकतं, असं तुम्ही लिहिलंय. भाऊ, राउटरवर पैसे नका उडवू. मी नागपुरात कॅमेरे आणि नेटवर्क बसवायची कामं करतो. अशा तक्रारीत घोळ बहुतेक वेळा अँटेना, वायर नाहीतर बॅटरीत निघतो.

बोट मध्यावर नेऊन राउटरच्या सेटिंगमध्ये आरएसआरपीचा आकडा बघा, म्हणजे टॉवरचा सिग्नल किती जोरात पोचतोय ते. उणे ९०च्या आसपास असेल तर झकास, उणे ११०च्या खाली गेला की काही खरं नाही. तिथेच दुसऱ्या कंपन्यांची सिमही टाकून बघा. आजूबाजूला टेकड्या आहेत, सगळ्यांचे टॉवर सारखेच पोचतील असं नाही.

छत पत्र्याचं असेल तर अँटेना पत्र्याच्या वरच हवी. दुकानदार ‘लांबचं पकडते’ म्हणून यागी नावाची अँटेना गळ्यात मारेल. ती गच्चीवर ठीक आहे, पण एकाच दिशेला बघते. बोट वळली की टॉवर तिच्या पाठीमागे. तुम्हाला चहूकडून पकडणारी ओम्नी घ्यायची, आणि ४जीसाठी दोन.

सिग्नल खरा खाते ती अँटेनाची वायर. आरजी-५८ नावाची पातळ वायर दहा मीटर ओढली तर ४जीच्या १८०० मेगाहर्ट्झ बँडवर जेमतेम पाचवा हिस्सा सिग्नल खाली राउटरपर्यंत पोचतो. म्हणून राउटरच वर, अँटेनाजवळ वॉटरप्रूफ डब्यात बसवा. डबा पांढरा घ्या आणि सावलीत लावा, कारण घरगुती राउटर साधारण ४० अंशांपर्यंतच चालवायचे असतात आणि आपला मे महिना तुम्हाला सांगायला नको. जमलं तर जास्त तापमान सोसणारा इंडस्ट्रियल राउटरच घ्या. जास्तीचे पैसे मोजायचेच तर तिथे मोजा. जोडांवर पाणी न शिरणारी रबर टेप गुंडाळा, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी वायरीत उतरतं.

बॅटरीचं बघा. इंजिनाला स्टार्टर मारला की व्होल्टेज खाली बसतं, राउटर बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि आपण म्हणतो रेंज गेली. ९ ते ३० व्होल्टवर चालणारा राउटर असला की ही कटकट मिटते.

आणि हे सगळं नुसत्या यूपीआयसाठी चाललं असेल, तर तिकिटाचे पैसे बोटीत बसायच्या आधी धक्क्यावरच घ्या ना.