‘काही नाही’ म्हणजे नेमकं काय?

“माणूस चांगला आहे हो, पण मला समजून घेत नाही.” या वाक्याने सुरू झालेल्या समुपदेशनाच्या भेटी मोजायचं मी केव्हाच सोडलं. परवा एका वाचक मुलीनं हेच जरा वेगळ्या शब्दांत विचारलं: सगळं सांगावंच लागत असेल, तर त्यानं मला ओळखलं असं म्हणायचं तरी कसं? तिला उत्तर देताना हे जोडपं आठवलं. (तपशील अर्थातच बदललेत.)

दोघंही मराठी. ती इथं वाढली, तो जर्मनीत.

“डोकं धरून पडले होते. यानं दारातून विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. तर हा दार लोटून निघून गेला!”

“तीच म्हणाली ना, काही नाही.”

सुरुवातीला मी चुकलेच. “हवं ते स्पष्ट सांगून बघा,” असं तिला म्हटलं. तिनं सांगितलं, त्यानं डोकं चेपून दिलं. पुढच्या भेटीत ती म्हणाली, “मॅडम, सांगितल्यावर कुणीही चेपेल.”

ते वाक्य दोन दिवस माझ्या मागे होतं. ‘मोकळेपणानं मागा’ हा आमचा ठेवणीतला सल्ला, आणि तो बहुतेक पाश्चात्त्य पुस्तकांतून आलेला. मानसशास्त्रज्ञ शेली टेलर आणि सहकाऱ्यांनी २००७ साली अमेरिकेत केलेला एक प्रयोग मला पाठ होता, तरी ऐन वेळी आठवला नाही. ताणाच्या कामाआधी काहींना जवळच्यांकडे पत्रातून मदत मागायला सांगितली होती, काहींना नुसतं आपल्या माणसांबद्दल लिहायला. आशियाई वंशाच्या लोकांना मागण्यापेक्षा ती नुसती आठवण जास्त मानवली. युरोपीय वंशाच्यांचं उलट झालं.

पुढच्या भेटीत मी त्याच्याकडे वळले. “लहानपणी तुम्ही ‘काही नाही’ म्हणालात की काय व्हायचं?”

“आई दहादा विचारायची. चीड यायची मला. मित्रांच्या घरी एकदा नाही म्हटलं की विषय संपला. वाटायचं, ही माणसं माझा शब्द खरा मानतात.”

ती इतका वेळ पर्सची चेन उघडत-लावत होती. हात थांबला.

“म्हणजे तेव्हा तू माझा शब्द ठेवत होतास?”

“मग काय करत होतो?”

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. अशा वेळी गप्प बसणं मला जमतं, एवढं श्रेय मी स्वतःला देते. मग तोच हळू म्हणाला, “आणि तू मला कधी विचारतच नाहीस. मी दमलोय, चिडलोय, तुला आधीच माहीत असतं. बऱ्याचदा बरोबरही असतं. पण मी तोंड उघडायच्या आत माझं बोलणं तूच उरकलेलं असतं.”

हे मलाही नवं होतं. तिला न विचारता ओळखलेलं हवं होतं. त्याला, ओळखलं असलं तरी, विचारलेलं हवं होतं. दोघंही स्वतःला हवी तीच माया समोरच्याला देत होते, आणि ती तिथं पोचत नव्हती. सगळे जर्मन असे आणि सगळे मराठी तसे, असं नाही बरं का. एकाच गल्लीतल्या दोन घरांतही हा फरक सापडतो.

म्हणून त्या वाचक मुलीला माझं सांगणं: ‘तो ओळखत का नाही’ हे थोडं बाजूला ठेव. आधी त्याला विचार, तुमच्याकडे कुणी रुसलं तर कोण जवळ जायचं? कितीदा? की एकटं सोडायचे? शांत वेळी विचार, भांडणात नको. तुझ्या घरचंही त्याला सांग. मग एखादी खूण ठरवा. प्रत्येक वेळी सगळं बोलून दाखवावं लागत नाही. खूण एकदा ठरली की ओळखण्याची गंमत परत येते.

या दोघांनी ठरवली. तिचं ‘काही नाही’ ऐकलं की तो दारातच थांबतो आणि विचारतो, “मराठी की जर्मन?”